सतरा नंबरची वीट

एकवीस दिवसांची मोजणी वाया गेली हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी डब्यात दोडक्याची भाजी होती. मला पक्कं आठवतं, कारण ती तिथे कुणीच खाल्ली नाही आणि संध्याकाळी घरी मला एकट्यालाच संपवावी लागली.

मी डबा घेऊन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. मे महिना. तळघरातल्या प्रयोगशाळेत तिघं जण कॉम्प्युटरसमोर हात जोडायचे बाकी ठेवून उभे होते. माझी बायको सुलभा, तिचे गाईड डॉक्टर वाळिंबे, आणि गायधनी नावाचा एक विद्यार्थी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेबलक्लॉथ टाकलेला होता. पांढरा, त्यावर गुलाबांची वेल.

हा टेबलक्लॉथ वाळिंबे सरांच्या पत्नीनं भरलेला होता आणि त्याला त्या खोलीत फार मान होता. सरांचा नियम असा की एकदा मोजणी सुरू झाली की पडद्यावर कापड टाकायचं आणि मुदत संपेपर्यंत डोकावायचं नाही. माणूस आकडे बघत बसला की त्याला हवं तेच दिसायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. "भात शिजताना सारखं झाकण काढणाऱ्याला मी पीएचडी देत नाही," हे ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवायचे. यंत्र आपलं रोज त्या त्या दिवसाचे आकडे आपोआप साठवत राहायचं. कापडाखाली.

"या तांबट, मुहूर्तावर आलात," सर म्हणाले. "एकवीस दिवस पुरे झाले. सुलभाबाई, काढा कापड."

"नारळ आणायला हवा होता," मी म्हणालो.

"नारळ राहू दे काका, डब्यात काय आहे?" गायधनीनं विचारलं.

"दोडका."

"पुन्हा खानावळीचा? तुमच्या हातची भाजी खाऊन महिना झाला हो."

गायधनीचा विषय मूलकणांचे सिद्धांत. त्याच्या संशोधनाला एक पेन्सिल, पाठकोरे कागद आणि कुणाचा तरी डबा एवढंच लागायचं. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, पण थंड हवेचं यंत्र फक्त तळघरात होतं, म्हणून त्याचे सगळे सिद्धांत तळघरात सुचायचे.

सुलभानं कापड उचललं. आधी त्याची चौपदरी घडी घातली. मग पडद्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसली.

मी विज्ञान शिकलेला माणूस नाही. माझं दुकान वजनकाटे दुरुस्तीचं. किराणावाल्यांचे, सोनारांचे, रद्दीवाल्यांचे काटे शून्यावर आणून देणं हा माझा धंदा. पण पडद्यावर काय असायला हवं होतं हे मला ठाऊक होतं, कारण सुलभानं ते मला दोन वर्षं समजावलं होतं. टेल्युरियम नावाच्या धातूचा एक तुकडा शिशाच्या विटांच्या पेटीत ठेवायचा आणि त्यातला एखादा अणू एका ठरावीक तऱ्हेनं फुटतो का, याची वाट बघायची. तो तसा फुटायला विश्वाच्या वयाच्या कितीतरी पट वर्षं लागतात.

"मग तुला दिसणार कधी?" मी विचारलं होतं.

"बहुतेक नाहीच दिसणार."

"मग मोजतेस काय?"

"किती नाही, ते."

बाकीच्यांना हे वेड वाटायचं. मला नाही वाटलं. रिकामं पारडं शून्यावर आहे की नाही हे बघितल्याशिवाय काट्याला हात लावू नये, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं होतं.

तर पडद्यावर जवळजवळ काही नको होतं. सपाट रेघ, इकडे तिकडे चार ठिपके. त्याऐवजी डावीकडे एक सुळका उभा होता. सरळ, टोकदार, पडद्याच्या वर जाणारा.

"हे चांगलं का?" मी विचारलं.

"सगळं गेलं," सुलभा म्हणाली. ती रडणारी बाई नव्हती. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला. सुळका तिथेच होता.

काय गेलं होतं ते सांगतो. सुलभानं चौदा वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला लंबकाचा प्रयोग शिकवला होता. चाळिसाव्या वर्षी रजा काढून ती पीएचडीला आली. वाळिंबे सर जूनअखेर निवृत्त होणार होते आणि तिची रजाही तेव्हाच संपणार होती. ही मोजणी स्वच्छ निघाली तर प्रबंध लिहून होणार होता. नाहीतर पुन्हा लंबक, आणि तो जन्मभर.

"तीनशे चौसष्टला आहे," सर पडद्याला नाक लावून म्हणाले. प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाचा सुळका आपापल्या आकड्यावर येतो, जसं प्रत्येकाचं घर आपापल्या नंबरावर असतं. "तीनशे चौसष्टला कोण राहतं?"

"सर, नवा कण असू शकेल," गायधनी म्हणाला. त्यानं पेन्सिल काढलीसुद्धा होती. "म्हणजे बघा, टेल्युरियम फुटतोय, पण आपल्याला माहीत नाही अशा रीतीनं..."

"गायधनी, बस खाली."

"नाव काय द्यायचं त्याला? टेल्युरॉन?"

"बस म्हटलं ना."

सुलभाचं या दोघांकडे लक्ष नव्हतं. ती साठवलेल्या आकड्यांच्या फायली एकेक उघडत होती आणि कागदावर लिहीत होती. पहिल्या दिवशी चार हजार. नवव्या दिवशी दोन हजार. सतराव्या दिवशी हजार.

"दर आठ दिवसांनी निम्मा," ती म्हणाली. "तीनशे चौसष्ट आणि आठ दिवस. सर, हे आयोडीन आहे. किरणोत्सारी आयोडीन."

"आपल्याकडे आयोडीन नाही," सर म्हणाले.

"विभागात कुठेच नाही. पण आलंय."

ते ऐकून सरांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. ते सावकाश उठले आणि खोलीत फेऱ्या मारू लागले. "आपल्याकडे नाही, म्हणजे बाहेरून आलं. बाहेरून म्हणजे हवेतून. आणि हवेत आयोडीन कधी येतं, सुलभाबाई? अणुभट्टीला अपघात झाला की येतं! कुठल्यातरी देशात तीन आठवड्यांपूर्वी अपघात झालाय आणि त्यांनी तो लपवलाय. वर्तमानपत्रात अक्षर नाही. साऱ्या जगात हे फक्त आपल्या तळघराला कळलंय!"

"सर, आधी जरा..."

"मुंबईच्या अणुकेंद्राला कळवायला पाहिजे. फॅक्सचं ऑफिस चारला बंद होतं. गायधनी, कागद!"

आता मला थोडं मागं जावं लागेल.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत माझे हात थरथरायला लागले. सोनाराचा काटा शून्यावर आणताना चिमटा हातात ठरेना. भूक राक्षसासारखी लागायची आणि तरी विजार कमरेवर राहत नव्हती. दुकानातच काटा होता, मी उभा राहून बघितलं. नऊ किलो कमी. डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यातली थायरॉईडची गाठ जास्त काम करतेय. पुण्याला एका दवाखान्यात पाठवलं. तिथे एका माणसानं हातमोजे घालून, शिशाच्या डबीतून, चिमट्यानं एक कॅप्सूल काढून मला दिली आणि स्वतः चार पावलं मागं जाऊन म्हणाला, "गिळा." ज्याला तो हात लावत नव्हता ते मी गिळलं. त्यात किरणोत्सारी आयोडीन होतं.

सुलभाला मी सांगितलं होतं की पुण्याला नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यांचं प्रशिक्षण आहे.

का लपवलं? तिला कळलं असतं तर ती रजा, मोजणी, सगळं टाकून माझ्या उशाशी बसली असती. म्हटलं, जूनमध्ये सांगू. तसं मी सगळं नीट पाळलं. काही आठवडे लोकांपासून लांब राहा म्हणाले होते, म्हणून उकडतंय सांगून गच्चीवर झोपलो. ताट वेगळं ठेवलं. स्वयंपाक बंद करून खानावळ लावली. डबासुद्धा मी तळघराच्या दारातून आत सरकवायचो आणि पायरीवर बसायचो. एकच दिवस चुकलो.

कॅप्सूल शनिवारी घेतली. सोमवारी मी डबा द्यायला गेलो तर मोजणीची पेटी रचायची होती आणि विटा उचलायला माणूस नव्हता. विभागाचे शिपाई सुट्टीवर, सरांची कंबर गेलेली, आणि गायधनी तर सिद्धांतवाला. शिशाची वीट दिसते एवढीशी, पण सव्वाअकरा किलोची असते. अशा बहात्तर. सुलभा पलीकडच्या खोलीत थंड नायट्रोजन भरत होती. मी म्हटलं, मी रचतो. वीस वीस किलोची मापं उचलण्यात जन्म गेला, त्यात काय. तासाभराचं काम.

हे सगळं मला त्या दुपारी, "आयोडीन" शब्द ऐकल्यावर, पायरीजवळ उभ्या उभ्या आठवलं. हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथेच तर ते होतं.

मी डबा उचलला. "बरं, मी निघतो. दुकान उघडायचंय."

"थांबा हो," सुलभा म्हणाली. "सर, फॅक्स करायच्या आधी आतल्या विटा तपासू या. हवेतून आलं असेल तर सगळ्या विटांवर सारखं बसलेलं असेल. एकाच विटेवर असेल तर गोष्ट वेगळी."

"तपासा, तपासा. चारपर्यंत वेळ आहे," सर मान वर न करता म्हणाले. ते लिहीत होते. "गायधनी, 'मानवजात' या शब्दाला इंग्रजीत जरा भारदस्त काय आहे?"

"अहो," सुलभा मला म्हणाली, "एकेक वीट काढून टेबलाशी आणता? तुम्हीच रचल्यात, तुम्हाला क्रम माहीत आहे."

"माझी कंबर दुखतेय."

"तुमची? कधीपासून?"

"आत्तापासून."

"मी उचलू का मग?"

ती खरंच उचलायला निघाली. आता बायको सव्वाअकरा किलो उचलतेय आणि आपण डबा धरून उभे, हे मला बघवेना. मी पुढे झालो, वरच्या थरातली पहिली आतली वीट काढली आणि टेबलाशी नेली. सतरा नंबर. नंबर सुलभानंच लाल रंगानं घातले होते.

सुलभाच्या हातात किरणं मोजायचं छोटं यंत्र होतं. किरणं नसली की ते मधूनच एकदा कट् करतं, असली की कटकट वाढते. मी वीट घेऊन तिच्यासमोर गेलो आणि यंत्रानं तव्यात फुटाणे टाकल्यासारखा आवाज केला.

सरांच्या हातातलं पेन पडलं. "सापडली! सतरा नंबर!"

"ठेवा, ठेवा खाली!" सुलभा म्हणाली. मी वीट टेबलावर ठेवली आणि आनंदानं जिन्यापाशी पळालो. सुलभानं यंत्र विटेवर धरलं. कट्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा कट्.

"बंद पडलं की काय?" सर म्हणाले. "गायधनी, उचल बरं ती."

गायधनीनं आयुष्यात पहिल्यांदा शिसं उचललं. त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो कुठल्या सिद्धांतात बसणारा नव्हता. यंत्र मात्र गप्प.

"तांबट, तुम्ही उचला."

"मी कशाला? तो उचलतोय की छान."

"काका, मरतोय मी," गायधनी म्हणाला.

मी वीट घेतली. फुटाणे.

गायधनीनं घेतली. शांत.

मी घेतली. फुटाणे.

"सर," गायधनी घाम पुसत म्हणाला, "वीट काकांना ओळखते."

"मूर्खासारखं बोलू नकोस." सर कपाळाला आठ्या घालून विचार करू लागले. "उंचीचा काही संबंध असेल का? तांबट उंच आहेत. तांबट, जरा गुडघे वाकवा."

मी गुडघे वाकवले. फुटाणे. सरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग मला उजव्या अंगावर वळायला लावलं, मग डाव्या. मग एका पायावर उभं राहायला सांगितलं. का, ते मला अजून कळलेलं नाही, पण मी सव्वाअकरा किलो शिसं धरून एका पायावर उभा राहिलो, कारण तेवढा वेळ कुणी खरं विचारत नव्हतं.

सुलभा मात्र माझ्याकडे बघत होती. आधी माझ्या हाताकडे. हात थरथरत होता, आणि तो विटेच्या वजनानं नव्हता. मग विजारीला मी बांधलेल्या सुतळीकडे. मग तिनं यंत्र विटेवरून उचललं आणि माझ्या मनगटावर धरलं. तिथून सावकाश कोपरावर, खांद्यावर नेलं. आवाज वाढत गेला. गळ्याशी आणल्यावर तो कटकट राहिला नाही, एकसारखी घरघर झाली.

"अहो," ती म्हणाली, "काय गिळलंय?"

मी पाय खाली ठेवला. मग वीट ठेवली. "आयोडीन," मी म्हणालो.

"कधी?"

"प्रशिक्षणाला गेलो होतो ना. त्या शनिवारी."

"गच्चीवर झोपायला लागलात ते..."

"हो."

"खानावळ?"

"हो."

"वजन किती गेलं?"

"नऊ किलो."

"नऊ किलो," ती म्हणाली. "एवढं माझ्यासमोर गेलं आणि मला दिसलं नाही." हे ती मला म्हणाली नाही, यंत्राला म्हणाली. ते अजून घरघरतच होतं. मग तिनं ते बंद केलं.

सरांना या संसारात रस नव्हता. "थांबा, थांबा. आयोडीन यांच्या गळ्यात आहे हे मान्य. पण पेटीच्या आत कसं गेलं? तांबट, विटा रचताना हातमोजे होते ना?"

"होते. पण त्यात वीट सटकते. काढले."

"नुसत्या हातानं आयोडीन एवढं लागत नाही."

"नुसत्या नाही," मी म्हणालो. आता सगळं सांगूनच टाकायचं ठरवलं. "जड माप उचलायचं तर आम्ही आधी हातावर थुंकतो. पकड बसते."

सुलभानं डोळे मिटले.

"लाळेत आयोडीन पुष्कळ उतरतं," ती हळूच म्हणाली.

"तांबट," सर म्हणाले, "पृथ्वीवरच्या सगळ्यात स्वच्छ जागांपैकी एक जागा मी वीस वर्षं खपून बनवली. आणि त्यात तुम्ही थुंकलात?"

"प्रत्येक विटेला नाही. चार-पाच विटांमागे एकदा."

गायधनी टेबलाखाली पडलेली पेन्सिल शोधायला वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. टेबल हलत होतं.

सर खुर्चीत बसले. समोर पत्र होतं, दीड पान, मानवजातीपर्यंत आलेलं. त्यांनी ते उचललं, एकदा वाचलं, घडी घातली. "म्हणजे जगात कुठेच काही झालेलं नाही?" त्यांनी विचारलं. इतकं मनापासून वाईट वाटलेला माणूस मी फार कमी वेळा बघितला आहे.

"नाही सर," सुलभा म्हणाली. "फक्त आमच्या घरी झालंय."

मग ती उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि बोटांनी दिवस मोजले. "जूनअखेरीआधी अजून एकवीस दिवस बसतात. पुन्हा मोजणी होते. आतल्या विटा धुवायच्या आणि परत रचायच्या. आज."

"रचणार कोण?" सर म्हणाले.

सगळ्यांनी गायधनीकडे बघितलं.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगतो. गायधनीनं विटा रचल्या, हातमोजे घालून, प्रत्येक विटेला देवाचं नाव घेत. तो आता परदेशात मोठा प्राध्यापक आहे आणि पाठदुखी त्या दिवशी सुरू झाली असं सांगतो. मला विभागात ऐंशी दिवस बंदी झाली. डबा मी फाटकाबाहेर लिंबाच्या फांदीला अडकवून शिट्टी मारायचो. बाकीच्या विटा साबणानं, मग स्पिरिटनं धुतल्या आणि परत लावल्या, पण सतरा नंबर सर आत घेईनात. "तिच्यावर माझा विश्वास राहिला नाही," ते म्हणाले. वीट निर्दोष असेलही, पण त्यांनी तिच्या जागी जुनी पडीक वीट लावली. "दहा वेळा निम्मं होऊ दे. ऐंशी दिवसांनी आणून द्या," असं सांगून सतरा नंबर सुलभाच्या हाती माझ्याकडे पाठवून दिली. ती रिक्षानं आली.

घरी सुलभानं मला पहिले दोन दिवस रागावून घेतलं. म्हणाली, "खोटं बोलायचं तर माझ्या प्रयोगात थुंकून तरी बोलू नये." तिसऱ्या दिवशी तिनं आपली गादी गच्चीवर आणली आणि माझ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला घातली. पावलांनी अंतर मोजलं. "एवढं पुरे," म्हणाली. आम्ही मोठ्यानं बोलायचो, आणि आमचा संसार शेजारच्या कामेरकरांना त्या उन्हाळ्यात अक्षरशः ऐकू गेला. रोज संध्याकाळी ती विभागातून यंत्र आणायची, माझ्या गळ्याला लावायची आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या नोंदीशेजारी लिहायची. दर आठवड्याला जवळजवळ निम्मा. पाऊस लागल्यावर गाद्या गच्चीतल्या पत्र्याखाली ओढल्या, अंतर तेवढंच ठेवून. जुलैत एका संध्याकाळी तिनं यंत्र माझ्या गळ्याला लावलं, मग भिंतीला लावलं, मग पुन्हा मला.

"काय झालं?" मी विचारलं.

"आता तुमच्यात आणि भिंतीत काही फरक राहिला नाही," ती म्हणाली, आणि गाद्या खाली नेल्या.

दुसरी मोजणी स्वच्छ निघाली होती. एकवीस दिवसांत काहीही घडलं नाही, आणि किती नाही ते सुलभानं दशांश चिन्हानंतर पुष्कळ आकडे देऊन सिद्ध केलं. पीएचडी मिळाली. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर तिनं माझे आभार मानले आहेत: पहिल्या मोजणीत दिसलेल्या एकमेव स्पष्ट घटनेबद्दल.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. सुलभा गेली त्याला येत्या भाद्रपदात दोन होतील.

ती आजारी आहे हे तिला मार्चमध्ये कळलं होतं. मला जुलैत कळलं. मध्ये माझी मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं होती, आणि डॉक्टरांनी मला ताण नको म्हणून सांगितलं होतं. तिनं सगळं नीट पाळलं. तपासण्यांना गेली की सांगायची, जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा आहे. ब्लाउज सैल दिसू नयेत म्हणून घरात दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायला लागली. मी म्हटलं, छान दिसतो.

दवाखान्यात नर्सनं तिला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. तिचं पूर्वीचं वजन मला पाठ होतं. मी मनात वजाबाकी केली. सव्वाअकरा किलो. बरोबर एक वीट.

"अगं, सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"तुम्ही सांगितलं होतं का?"

"तुला कळलं तरी होतं."

"माझ्याकडे यंत्र होतं," ती म्हणाली, आणि माझा हात धरून हसली.

माझ्याकडेही होतं. पन्नास वर्षं मी गावाचे काटे शून्यावर आणून दिले. घरात दाराआड एक चांगला काटा उभा होता, किलोत दहा ग्रॅमची चूक न करणारा. तिला एकदा त्यावर उभी राहा म्हणालो नाही.

सतरा नंबरची वीट बाल्कनीच्या दाराशी असते. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून सुलभानंच तिला जुन्या साडीत गुंडाळून तिथे ठेवली होती, ऐंशी दिवसांपुरती. दर दिवाळीला झाडताना ती म्हणायची, "अहो, वीट द्यायची राहिलीय." मी म्हणायचो, बघू. परवा साडी सोडून बघितली. लाल रंगातला नंबर अजून स्पष्ट आहे. वीट विभागाची आहे. ती परत द्यायची राहिली आहे.